मुलाबाळांसह कोकण किनाऱ्यावर तंबूत राहायचं असेल तर

पालघरच्या झाईपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंतचा आपला किनारा जुन्या मोजणीने ७२० किलोमीटरचा. त्यातल्या कितीतरी पुळणींवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांवर, भर दुपारी चिटपाखरूही दिसत नाही. पण म्हणून त्या ओसाड नसतात. तुम्ही तंबू ठोकायला बघता तिथे कदाचित पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं, ओढायची असते. मागची नारळाची वाडी कुणाच्या तरी आजोबांनी पाणी शेंदून वाढवलेली असते. वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या कडेला वाळूखाली कासवाची अंडी असू शकतात. म्हणून कोकणात तंबूत राहायचं तर दोन गोष्टी सगळ्यात आधी: गावाला विचारायचं आणि पंचांग बघायचं. बाकीचं सामान दुकानात मिळतं.

पुढे जे सांगतोय ते पहिल्यांदाच जाणाऱ्या, बरोबर पाच-सहा वर्षांच्या पुढची मुलं असलेल्या कुटुंबासाठी आहे. पहिल्या वेळी दोन रात्री पुरेत. पहिली रात्र सवय होण्यात जाते, खरी मजा दुसऱ्या दिवशी येते. तिसऱ्या दिवशी मात्र खारट अंगाने मुलं कुरकुरायला लागतात.

हंगाम कोणता

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर. त्यातही लहान मुलं असतील तर डिसेंबर-जानेवारी. पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कोकणातून निघतो, पण त्यानंतरचा उकाडा तंबूत सोसवत नाही आणि दर्याही पुरता निवलेला नसतो. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळ किनाऱ्यापासून लांबूनच गेलं, तरी सिंधुदुर्गात लाटा वस्तीपर्यंत आल्या होत्या. फयान वादळ तर २००९ साली ११ नोव्हेंबरला आलं. तेव्हा महिना चांगला असला तरी निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेचा उंच लाटांचा इशारा, दोन्ही बघायचे. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या समुद्रातल्या वादळामुळे किनाऱ्यावर मोठ्या लाटा येतात, त्या नुसत्या ढगांकडे बघून कळत नाहीत.

मार्चनंतर हवा दमट होते आणि रात्री तंबूत जीव घुसमटतो. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा मी तरी टाळायला सांगेन. तेव्हा गावकऱ्यांना कुणाशी बोलायलाही फुरसत नसते.

तारीख ठरवताना तिथी बघा

हा भाग नीट वाचा. कोकणात तंबूत राहायला गेलेल्यांची सगळ्यात जास्त फजिती भरतीच्या हिशेबात होते.

दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, म्हणजे पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, म्हणजे दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या सुमाराला. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठला. हा हिशेब ढोबळ आहे. दक्षिणेकडे जाल तशी भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते आणि चढउतारही कमी होत जाते. नेमक्या वेळेसाठी जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक फोनवर उतरवून ठेवा, तिथे गेल्यावर रेंज असेलच असं नाही.

आता हाच हिशेब पौर्णिमेला लावा. चांदणं मिळावं म्हणून बरेच जण मुद्दाम पौर्णिमा गाठतात. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री, बाराच्या मागेपुढे. मग पूर्ण ओहोटी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला. तुम्ही नेमके तेव्हा पोचता. समोर लांबरुंद, घट्ट, सपाट वाळू पसरलेली असते आणि तंबूला याहून चांगली जागा नाही असं वाटतं. मुलं आठ-नऊला झोपतात. पाणी मात्र संध्याकाळपासूनच चढत असतं आणि उधाणाचं म्हणजे सगळ्यात मोठं पाणी सगळे गाढ झोपेत असताना तंबूपाशी येतं.

म्हणून पहिल्या वेळी षष्ठी ते दशमी या दिवसांतला शनिवार-रविवार शोधा. शुद्ध पक्षातली अष्टमी असेल तर मध्यरात्रीपर्यंत चंद्रही असतो आणि पाणीही ताब्यात असतं. मुलांना खडकातली डबकी दाखवायची असतील तर मात्र ओहोटी दिवसाउजेडी आणि सोयीच्या वेळी हवी. पंचमी-षष्ठीला ती सकाळी दहा-अकराच्या आसपास पडते, नाश्ता करून निघायला अगदी बरोबर.

जागा आणि परवानगी

माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वेळी तंबू पुळणीवर टाकूच नका. पुळणीला लागून असलेल्या एखाद्या घराच्या आवारात किंवा वाडीतल्या मोकळ्या जागेत टाका. समुद्र पन्नास-शंभर पावलांवर, आणि संडास, विहीर, माणूस हाकेच्या अंतरावर. मुलांना रात्री दोनला पोटात दुखलं तर याचं मोल कळतं. किनारपट्टीच्या अनेक गावांत घरगुती राहण्याची सोय करणारी कुटुंबं आहेत. त्यांतली बरीचशी आवारात तंबू टाकू देतात, काहींकडे त्यांचेच तंबू असतात.

गाव निवडताना किनाऱ्याचा उतार बघा. पुळण जितकी सपाट आणि लांब, तितकी मुलांसाठी बरी. गुहागर, आंजर्ले, केळशी, दक्षिणेला शिरोड्याचं वेळागर अशी नावं सुरुवातीला विचारात घ्या. वेळागरला मागे सुरूचं बन आहे आणि जवळच शिरोड्याची मिठागरं. १९३० मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला होता, मुलांना दाखवण्यासारखी जागा आहे. वेळणेश्वर-हेदवी हा पट्टाही छान, पण हेदवीची बामणघळ लांबून बघायची. भरतीच्या वेळी त्या फटीतून पाणी उसळून वर येतं आणि कडेचा खडक निसरडा असतो. रत्नागिरीजवळचं आरे-वारे डोळ्यांना कितीही सुंदर वाटलं तरी पाण्यात उतरण्यासाठी नाही.

गावात आधी फोन करा, आणि पोचल्यावर समक्ष विचारा. सिंधुदुर्गात पहिला प्रश्न बहुधा "खंयसून इलात?" असाच येईल. नीट उत्तर द्या: कुठून आलो, कोण कोण आहोत, किती रात्री राहणार. "काका, पोरांना घेऊन आलोय, दोन रात्री तंबू टाकायचा होता, कुठे टाकू?" असं विचारलं की माणूस स्वतःच उठून जागा दाखवायला येतो. "इथे टाकला तर चालेल का?" यापेक्षा "कुठे टाकू?" हा प्रश्न चांगला, कारण पाणी कुठवर येतं, कुठल्या माडाची झावळी पडायला आली आहे, रापणीची वाट कुठली, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. पैशांचं तुम्ही आधी काढा. कोकणातला यजमान संकोचाने बोलत नाही, आणि मग दोन्हीकडे अवघडलेपण राहतं.

सार्वजनिक पुळणीवर राहायचंच असेल तर ग्रामपंचायतीला विचारणं आणि पोलीस पाटलांच्या कानावर घालणं आवश्यक. २००८ च्या मुंबई हल्ल्यातले दहशतवादी समुद्रातून आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावरची गावं अनोळखी माणसांकडे आणि रात्रीच्या दिव्यांकडे लक्ष ठेवून असतात. कुणी येऊन चौकशी केली तर वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांची ओळखपत्रं हाताशी ठेवा. देवस्थानाजवळचा किनारा असेल तर तिथले नियम आधी विचारा. दारू आणि गाणी लावणं हे दोन विषय तर कुठल्याच गावात काढू नका.

घरी एक रात्र तालीम

नवा तंबू आणल्यावर तो पहिल्यांदा कोकणात उघडू नका. गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात उभा करा आणि सगळे एक रात्र त्यात झोपा. दुकानदार चार माणसांचा म्हणेल तो तंबू तीन माणसांना आणि सामानाला पुरतो, हे तेव्हाच लक्षात येतं. दोन थरांचा घ्या: आतला जाळीचा आणि वरून पाणी अडवणारा कापडी. डिसेंबरात पहाटे इतकं दहिवर पडतं की एकेरी तंबू आतून ओला होतो. खाली अंथरायला ताडपत्री, तीवर चटई, मग सतरंजी किंवा गोधडी. स्लीपिंग बॅग विकत घेण्याइतकी थंडी किनाऱ्यावर नसते, जाडसर चादर आणि मुलांना कानटोपी पुरते.

बाकी सामानात डोक्याला बांधायची विजेरी प्रत्येकाला एक, जादा सेल, पॉवरबँक, दोरी, चाकू, डासांचं मलम, मुलांसाठी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बंद बूट. औषधांच्या डब्यात ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, उलटी-जुलाबाची डॉक्टरांनी सांगितलेली औषधं, अॅलर्जीची गोळी, जंतुनाशक, पट्ट्या आणि बारीक चिमटा. खडकांना चिकटलेली कालवं (शिंपल्यातले जीव) लागून पाय कापतात, काटे रुततात, त्यामुळे चिमटा लागतोच.

पोचायचं कसं

स्वतःच्या गाडीने जाणं सोपं. सागरी रस्त्याने उतरत असाल तर वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या ठिकाणी गाडी फेरीबोटीत घालून खाडी ओलांडता येते. मुलांना ही बोट फार आवडते. फेऱ्यांच्या वेळा बघून घ्या, शेवटची फेरी चुकली तर मोठा वळसा पडतो. गाडी वाळूत उतरवू नका. ती रुतते, आणि भरती येईपर्यंत निघाली नाही तर गावाला ट्रॅक्टर काढावा लागतो. वाळूखालच्या जिवांचं जे होतं ते वेगळंच.

रेल्वेने गेलात तर चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या स्थानकांवरून एसटी किंवा रिक्षा. गावात रात्री मुक्कामाला येऊन पहाटे परत फिरणारी वस्तीची गाडी असते, तिची वेळ विचारून ठेवा. गॅसची नळकांडी रेल्वेत नेता येत नाहीत, तेव्हा शेगडीची सोय तिकडेच बघायची. कसंही गेलात तरी दुपारी तीनच्या आत पोचा. अंधारात अनोळखी जागी, कंटाळलेल्या मुलांसमोर तंबू उभारायची वेळ येऊ देऊ नका.

तंबू उभारताना

आधी वर बघा. माडाखाली तंबू टाकायचा नाही. नारळ पडतो आणि वाळलेली झावळीही पडते, तीही चांगलीच जड असते. सुरूच्या बनात वाळक्या फांद्या नसलेली जागा बघा. पुळणीच्या बाजूला असाल तर जमिनीवर भरतीच्या खुणा शोधा. शिंपले, काटक्या, वाळलेलं शेवाळ यांची एक ओळ दिसेल, ती कालच्या पाण्याची. तिच्याही वर एक जुनी, अर्धवट वाळूत गेलेली ओळ असते, ती उधाणाची. तंबू तिच्याही बराच वर हवा. हिरव्या मर्यादवेलीवर मात्र नको. ती वेल वाळू धरून ठेवते आणि कासवं अंडी घालतात तीही त्याच भागात.

वाऱ्याचा हिशेब सोपा आहे. दिवसा आणि संध्याकाळी खारा वारा समुद्राकडून येतो. रात्री तो पडतो आणि उत्तररात्री मतलई सुरू होते, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा गार वारा. संध्याकाळी समुद्राच्या बाजूचे ताण, म्हणजे तंबूच्या दोऱ्या, घट्ट बांधून झोपलात तर पहाटे उलट्या बाजूने तंबू फडफडायला लागतो. दोन्ही बाजू सारख्याच घट्ट बांधा. शेगडीही याच हिशेबाने: संध्याकाळचा स्वयंपाक तंबूच्या जमिनीकडच्या बाजूला, सकाळचा चहा समुद्राकडच्या. धूर आणि ठिणगी तंबूवर येत नाही.

तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक खुंट्या भुसभुशीत वाळूत टिकत नाहीत, जोराचा वारा आला की उपटतात. त्याऐवजी जुन्या कापडी पिशव्या न्या. पिशवीत ओली वाळू भरायची, तोंड ताणाच्या दोरीने आवळायचं, हातभर खोल खड्डा करून पिशवी त्यात आडवी टाकायची आणि वरून वाळू पायाने दाबत भरायची. दोरी खड्ड्यातून तिरकी बाहेर आली पाहिजे, सरळ उभी नव्हे. मग पूर्ण अंगाचा भार टाकून ओढून बघा. हलली तर आणखी खोल पुरा. हे काम मुलांना द्या, खड्डे खणायला त्यांच्याइतकं उत्साही कुणी नसतं.

पाणी आणि पोटपूजा

समुद्रालगतच्या सगळ्याच विहिरींचं पाणी पिण्यालायक नसतं, काहींचं मचूळ लागतं. "प्यायची विहीर कुठली?" हे विचारूनच भरा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज चार-पाच लिटर धरा. शहरातल्या मुलांना उकळून गार केलेलं द्या. अंगावरचं मीठ धुवायला माणशी एक बादली गोडं पाणी ठेवलंत तर मुलं रात्री खाजवत बसत नाहीत.

पहिल्या दिवशीचं जेवण घरून: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. दुसऱ्या दिवसापासून शिजवायचं, आणि त्यासाठी मला कुळथाच्या पिठीइतका सोयीचा पदार्थ दुसरा माहीत नाही. पातेल्यात तेल तापवून मोहरी, हिंग, सात-आठ ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि एक मोडलेली मिरची टाका. लसूण तांबूस झाली की तीन वाट्या पाणी, मीठ, हळद आणि दोन-तीन कोकमं. तोवर वाटीभर गार पाण्यात तीन मोठे चमचे पीठ गुठळ्या मोडून कालवा. पातेल्यातलं पाणी खळखळलं की एका हाताने हे ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. दाट होऊन बुडबुडे फुटायला लागले की झालं. एका शेगडीवर वीस मिनिटांत चौघांचं कालवण तयार. भात आधी करून चादरीत गुंडाळून ठेवायचा, तो गरम राहतो.

मासे खाणारे असाल तर सकाळी रापण ओढायची असते तिथे जा. नुसतं बघत उभं राहू नका. विचारून दोरीला हात लावा, मुलांनाही लावू द्या. जाळं वाळूवर येईपर्यंत बराच वेळ लागतो आणि शेवटच्या टप्प्यात सगळ्यांची लगबग असते, तेव्हा मुलांना दोरीच्या वेटोळ्यात पाय घालू द्यायचा नाही. नंतर बांगडे किंवा तारली विकत घ्या. हात लावला म्हणून कुणी मूठभर मासे पुढे केले तर नाही म्हणू नये, पण तुम्ही मागायचे नाहीत. मासे साफ केलेली घाण तंबूपासून लांब, खोल पुरा. वासावर कुत्री आणि कोल्हे येतात.

सुरूच्या बनात शेकोटी पेटवायची नाही. खालच्या वाळक्या सुया बघता बघता पेट घेतात. शेकोटीची फारच हौस असेल तर यजमानांच्या अंगणात, त्यांच्या चुलीपाशी बसा.

मुलं आणि पाणी

इथे मी कडक नियम सांगतो. दहा वर्षांखालच्या मुलाने गुडघ्यापुढे जायचं नाही, आणि एक मोठं माणूस मुलांपेक्षा खोल बाजूला, तोंड किनाऱ्याकडे करून उभं राहील. त्या माणसाच्या हातात फोन नसेल. ओहोटी लागली की पाण्यातून बाहेर यायचं. खाडीच्या तोंडाशी कधीच उतरायचं नाही. तिथे भरती-ओहोटीचं सगळं पाणी अरुंद जागेतून जातं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ओढून नेतं.

उतरण्याआधी पाच मिनिटं उंचावरून लाटा बघा. सगळीकडे पांढरा फेस फुटतोय आणि मध्येच एका पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी गढूळ किंवा गडद दिसतंय, फेस आत चाललाय, तर ती पाण्याची ओढ आहे. नवख्याला नेमका तोच पट्टा शांत आणि सुरक्षित वाटतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडायचं, मग लाटेबरोबर परतायचं. ते जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा. दुसरं कुणी सापडलं तर पाठोपाठ उडी टाकू नका, हवा भरलेली ट्यूब, रिकामा कॅन, दोरी, जे हाताशी असेल ते फेका आणि आरडाओरडा करून होडीवाल्यांना बोलवा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, रुग्णवाहिकेचा १०८, पोलिसांचा ११२.

उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूत घासत चाला. वाळूत दडलेलं पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, हलून बाजूला होतं. त्याचा काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. जेलीफिश लागली तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा.

ओहोटीत खडकांवर फिरायला न्यायचं तर बूट घालूनच. डबक्यांत शंखातले खेकडे, छोटे मासे, समुद्रफुलं दिसतात. खडक उचलला तर परत तसाच ठेवायला मुलांना शिकवा, त्याच्या खालचा जीव उन्हात मरतो. शंखात कुणी राहत असेल तर तो घरी आणायचा नाही. संध्याकाळी ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी केलेल्या मण्यांएवढ्या गोळ्यांची नक्षी असते. आमच्याकडची मुलं ती पायाखाली येऊ नये म्हणून वाकडी वाकडी चालत जातात.

रात्र

अंधार पडला की तंबूची चेन सतत लावलेली हवी, आत कुणी असो वा नसो. कोकणात फुरसं हा विषारी साप भरपूर. सड्यावर म्हणजे कातळाच्या माळावर, दगडांच्या बांधात, पाचोळ्यात ते वेटोळं करून बसतं आणि रंगाने मातीत मिसळून जातं. रात्री लघवीला जाताना बूट आणि विजेरी, दोन्ही हवीतच, आणि मूल एकटं जाणार नाही. मण्यार मात्र वेगळी. ती जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं बरेचदा कळतही नाही. रात्री मूल अचानक पोटात दुखतंय म्हणून उठलं, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, बोलणं अडखळायला लागलं, तर खुणा शोधत बसू नका, दवाखाना गाठा. साप चावल्यावर कापणं, चोखणं, करकचून बांधणं, मंत्र, काहीही करायचं नाही. चावलेला अवयव हलू न देता, माणसाला चालू न देता, प्रतिसर्पविष लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. असं सगळ्यात जवळचं रुग्णालय कुठलं आणि रात्री गाडी कुणाकडे मिळेल, हे यजमानांना पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवा.

सकाळी बूट झटकूनच घालायचे. लाल विंचू मुलांसाठी जिवावरचा ठरू शकतो. घाम फुटणं, हातपाय गार पडणं, उलट्या ही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून उपचाराची पद्धत बसवली आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. आता उपाय आहे, पण रुग्णालयात वेळेत पोचलं पाहिजे.

नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला रात्री किनाऱ्यावर येतात, आणि साधारण दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडून समुद्राकडे निघतात. अंधारात समुद्राकडचा फिका उजेड हीच त्यांची खूण. तंबूचा झगझगीत दिवा दिसला तर पिल्लं उलट्या दिशेला चालू लागतात. म्हणून पुळणीकडे तोंड करून दिवे लावू नका, विजेरीवर लाल जिलेटिन कागद बांधा. कासव दिसलं तर लांब बसा, समोर जाऊ नका, फ्लॅश मारू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, अंड्यांना हात लावणंही गुन्हा. मुलांना पिल्लं पाहायचीच असतील तर वेळासला जा, पण तिथे तंबू टाकू नका, गावातल्या घरात राहा. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी तिथे घरटी राखायला सुरुवात केली, आणि पाहुण्यांच्या राहण्याजेवणातून गावाला चार पैसे मिळायला लागले.

चंद्र नसेल अशा रात्री, हिवाळ्यात कधीकधी लाटा निळ्या चमकतात. सूक्ष्म समुद्री जीव ढवळले गेले की उजेड देतात. असं पाणी दिसलं तर झोपलेल्या मुलांना उठवा, पण काठावरूनच दाखवा.

निघताना

कचरा सगळा परत. गावात कचरा उचलणारी व्यवस्था असेलच असं नाही, तुमची पिशवी तिथे ठेवली तर ती शेवटी खाडीत जाते. मुलांना एक पिशवी देऊन आजूबाजूचं प्लॅस्टिकही उचलायला सांगा, ती ते आनंदाने करतात. तंबूच्या ताणांसाठी पुरलेल्या पिशव्या आठवणीने उकरून काढा आणि खड्डे बुजवा. उघडा खड्डा कासवाच्या पिल्लांसाठी सापळा होतो आणि रापणकाराचा पाय त्यात मुरगळतो.

तंबू घरी नेल्यावर तसाच माळ्यावर टाकू नका. गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः चेन आणि दांड्यांचे सांधे, कारण मीठ आणि वाळू तिथेच अडकते आणि पुढच्या वेळी चेन चालत नाही. सावलीत दोन दिवस पूर्ण वाळवा आणि मगच घडी घाला. यजमानांचा फोन नंबर नीट लिहून ठेवा, पोचल्याचा फोन करा, आणि पुढच्या हंगामात जायच्या आधी तिथी त्यांनाच विचारा.